ठिबकवरचं प्रभुभोजन

लग्न होऊन मी ह्या गावात आले, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मला प्रभुभोजनाच्या प्याल्यात एक केस दिसला. केस मिशीचा होता, पांढरा होता, आणि कुणाचा होता हेही मला लगेच कळलं, कारण तसली मिशी चर्चच्या आख्ख्या मंडळीत एकच होती. ती माझ्या सासऱ्यांची.

माझं माहेर दिंद्रुडकडचं. तिथल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत रसाचा घोट घेतात त्याला, तबकातून काचेचे छोटे पेले यायचे, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढे. आपला पेला उचलायचा, घोट घ्यायचा, खाली ठेवायचा. इकडं नांदूरघाटच्या अलीकडच्या ह्या गावात प्याला एकच. पितळेचा, आतून कल्हई केलेला, दोन हातांनी धरावा एवढा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी रांगेनं पुढं जायची. पाळकसाहेब प्रत्येकाच्या तोंडाला प्याला लावायचे, पांढऱ्या फडक्यानं काठ पुसायचे, प्याला जरासा फिरवायचे आणि पुढच्याच्या तोंडाला लावायचे. बाप्ये आधी, बाया नंतर. म्हणजे प्याला माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यात तीस-चाळीस मिशा बुडून निघालेल्या असायच्या. मी नुसता ओठ टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायची. बघणाऱ्याला वाटायचं, सून लई भाविक आहे.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा मंडळीतले सगळ्यांत जुने पंच, आणि प्याल्याची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी त्या उकळून, कुस्करून, जुन्या धोतराच्या फडक्यातून रस गाळायचा, आणि प्याला बाहेरून चिंच लावून घासायचा. ह्यातल्या एकाही कामाला ते दुसऱ्याचा हात लागू द्यायचे नाहीत. पुढं मी गावची आशा कार्यकर्ती झाले, आरोग्य केंद्रात मला जंतूंचं शिक्षण मिळालं, आणि मी एकदा धीर करून म्हणाले, "मामा, एकाच प्याल्यानं सगळे पिल्यावर जंतू जातेत बरं का एकमेकाच्या पोटात."

"देवाचा हात लागलेल्या प्याल्यात जंतू कुठून येतील?" मामा म्हणाले.

"हात देवाचा असंल, मिशी तुमची हाय."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आरशापुढं बसून त्यांनी मिशी बोटभर कमी केली, पण प्याला एकच राहिला.

मग करोना आला. सरकारनं देवळं, मशिदी आणि चर्च, सगळ्यांना एकाच वेळी कुलूप लावायला लावलं. एवढी समानता आमच्या गावानं आधी कधी बघितली नव्हती. पाळकसाहेबांनी साथीच्या निवारणासाठी तीन दिवसांचा उपास जाहीर केला, आणि नेमका त्याच आठवड्यात मला वरून निरोप आला की घरोघर जाऊन लोकांना पौष्टिक खायला सांगा, अंडी खायला सांगा. सकाळी पाळकसाहेब फोनवरून गल्लीला सांगायचे, खाऊ नका. दुपारी मी तोंडाला फडकं बांधून दारोदार सांगायची, खा. मंडळीनं दोघांचाही मान ठेवला. दिवसभर कडकडीत उपास धरला आणि दिवस मावळल्यावर माणशी तीन-तीन अंडी खाल्ली. गावात अंडी मिळेनाशी झाली तेव्हा वरच्या आळीतले लोक माझ्याकडं तक्रार घेऊन आले की तुमच्या लोकांच्या उपासानं आमची पंचाईत झाली.

रविवारची उपासना फोनवर सुरू झाली. सगळ्यांना एकाच वेळी जोडून घ्यायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हणायची आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. पण कुणाला शेतात रेंज, कुणाला पत्र्यावर चढल्याशिवाय नाही. आमेन एकेक करत पोचायचं. शेवटचं आमेन यायचं तेव्हा पाळकसाहेब पुढच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात असायचे, आणि मध्ये कुणाची तरी म्हैस ओरडलेली असायची. तरी लोक जोडले जायचे. भीती सगळ्यांनाच होती आणि त्या फोनमध्ये निदान ओळखीचे आवाज होते. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

फोनवरून प्रवचन आलं, गाणी आली, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आली. प्रभुभोजन तेवढं येईना. मामा मात्र दर महिन्याला त्या ठरल्या शुक्रवारी मनुका भिजत घालायचेच. शनिवारी रस काढायचे, रविवारी सकाळी प्याला चकचकीत करून त्यात ओतायचे, कुलूप लावलेल्या चर्चपुढं जरा वेळ बसायचे, आणि परत येताना तो सगळा रस आमच्या दारातल्या चिंचेच्या बुडाला ओतायचे.

मी म्हणायची, "मामा, वाया घालवण्यापरीस तुमीच पिऊन टाका की."

"एकट्यानं प्यायला त्यो काय औषधाचा डोस हाय?"

असे आठ महिने गेले. आमच्या मंडळीत त्या काळात नियमानं प्रभुभोजन घेतलं ते फक्त त्या चिंचेनं.

दिवाळीच्या सुमारास कुलपं उघडायची परवानगी आली. अटी होत्या: अंतर ठेवा, तोंड झाका, सामाईक भांडं वापरू नका. पंचांची बैठक बसली आणि मला बोलावणं आलं. आमच्या पंचांच्या बैठकीत त्याआधी बाई कधी बसली नव्हती. मला बाई म्हणून बोलावलंच नव्हतं, सरकार म्हणून बोलावलं होतं. मी ताप बघायची बंदूक मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले की सोपं आहे, चहाचे कागदी कप आणायचे, प्रत्येकाला कपात घोटभर रस द्यायचा, कप जाळून टाकायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब म्हणाले, "ताई बराबर बोलतेत."

मामा उठून उभे राहिले.

"कागदाचा कप. म्हंजी ज्याचा त्याचा येगळा."

"व्हय मामा. त्यात धोका न्हाई."

"माह्या बापाचा बी येगळाच व्हता," मामा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला लग्नाला पंधरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. गावात बसस्टँडपाशी एक हॉटेल होतं. हॉटेलाच्या बाहेर, पत्र्याखाली, एक खिळा होता आणि त्या खिळ्याला मामांच्या वडिलांचा कप टांगलेला असायचा. आपणच कप काढायचा, लांबून पुढं धरायचा, त्यात चहा पडला की खाली मातीत बसून प्यायचा, आपणच विसळायचा आणि पुन्हा खिळ्याला टांगायचा. हॉटेलात आत बसलेल्यांचे कप आतच असायचे.

"मंग गावात पैला पाळक आला. त्यानं ह्याच प्याल्यातनं आधी माह्या बापाला पाजलं आन त्याच जागी तोंड लावून सोता पिला. बाप घरी यून म्हणला, आजपासून आपला देव ह्यो. आमी येशूकडं कावून आलो? गाणी चांगली हायेत म्हणून न्हाई आलो. ह्या एका प्याल्यासाठी आलो. आता तुमी देवाच्या घरात खिळे ठोकता का?"

मामा म्हणाले, "एक प्याला असंल तर मी येतो. मरायच्या आधी एकदा सगळ्यांसंगं पितो, मंग माही तक्रार न्हाई. न्हाई तर माहा वाटा चिंचेला घाला." आणि ते काठी टेकत निघून गेले. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते, आणि त्या वर्षात बरेच वाळले होते.

आता बैठकीपुढं असा पेच पडला की एका प्याल्यानं प्यायचं नाही आणि वेगळ्या कपानंही प्यायचं नाही. शहाण्या माणसांनी अशा वेळी बैठक पुढं ढकलली असती. आमच्या पंचांनी तोडगे काढायला सुरुवात केली.

पहिला तोडगा सलाइनच्या नळ्यांचा. प्याला मधे ठेवायचा, सगळ्यांनी लांब गोल बसायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या नळीनं ओढायचं. नळ्या मी आरोग्य केंद्रातून आणायच्या. मी म्हणाले, "सरकारी नळ्या प्रभुभोजनाला गेल्या असं मी रजिस्टरात लिहू का?" दुसरा तोडगा फवारणी पंपाचा. पाळकसाहेबांनी पंप पाठीवर घ्यायचा, मंडळीनं तोंडं उघडून उभं राहायचं. "नवा कोरा हाय पंप," सुचवणारा म्हणाला, "औषध एकदा बी घातलं न्हाई." पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. अंतराच्या दृष्टीनं बघितलं तर पंपात दोष काढण्यासारखं काही नव्हतं, आणि क्षणभर मीही विचारात पडले होते, हे आता कबूल करते.

तिसरा तोडगा ठिबकचा. आमच्या मंडळीतला एक जण लोकांच्या शेतात ठिबक जोडायची कामं करतो. बोलतो कमी. तो कोपऱ्यातून म्हणाला, "पाळकसाहेब, हिर एक असती. झाडं हजार असत्यात."

ह्या एका वाक्यावर अख्खी बैठक आमेन म्हणाली. प्याला एकच राहील, त्यातून काळी नळी निघेल, नळीला चार-चार फुटांवर थेंब सोडणारे ड्रिपर असतील, आणि प्रत्येक ड्रिपरखाली एक विश्वासू उभा राहील. तोंड कुणाचं कुठं लागायला नको म्हणून ज्यानं त्यानं घरून आपला पेला आणायचा. नळी लावलेला प्याला एकच धरावा की नाही ह्यावर पाळकसाहेबांनी आठवडाभर प्रार्थना केली आणि रविवारी फोनवर सांगितलं, "नळी म्हणजे माझा हात लांब झाला असं समजा." मामांना मी स्वतः जाऊन सांगितलं. "प्याला एकच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, एकच. त्यांनी दुप्पट मनुका भिजत घातल्या.

प्याल्याला भोक पाडायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. त्यामुळं प्याला उंच स्टुलावर ठेवायचा आणि ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढतात तशी वरून नळी सोडून रस काढायचा असं ठरलं. अडचण एवढीच की नळीत रस चढवायला सुरुवातीला कुणीतरी तोंडानं ओढावं लागतं. एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडापासून लांब ठेवण्यासाठी केलेल्या त्या एवढ्या उठाठेवीची सुरुवातच तोंडानं होणार होती. मी हे बोलून दाखवलं. पंच म्हणाले, ताई, पाळकसाहेबांचं तोंड आहे.

तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. चर्चमध्ये दोन्ही बाजूंना बांबू, बांबूंना बांधलेली काळी नळी, आणि नळीखाली चार-चार फुटांवर आपापला स्टीलचा पेला हातात धरून उभी असलेली, तोंडं झाकलेली मंडळी. मी दारात प्रत्येकाच्या कपाळाला बंदूक लावून ताप बघितला. मामा पांढराशुभ्र सदरा घालून सगळ्यांत पुढं उभे होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, नळी तोंडात धरली आणि डोळे मिटून ओढलं. रस एकदम आला आणि त्यांना ठसका लागला. त्या दिवसांत पाळकानं खोकणं म्हणजे काय. निम्मी मंडळी पेले घेऊन अंगणात पळाली. पाळकसाहेब हातानं खुणा करत होते की ठसका आहे, रोग नाही. पळालेल्यांना परत आणून जागेवर उभं करण्यात अर्धा तास गेला.

मग रस सुटला. पहिल्या तीन पेल्यांत बदाबदा पडला, पुढच्या चारांत थेंब-थेंब, आणि त्याच्या पुढं काहीच नाही. मनुकांचा चोथा ड्रिपरमध्ये अडकला होता. नळीच्या शेवटी, म्हणजे टेलला, बाया होत्या, नेहमीसारख्याच. त्यातली एक म्हातारी ओरडली, "टेलला पाणी येईना! वरच्यांनी बंद करा की!" वरचे म्हणाले की आमचं बंद होत नाही. कुणीतरी म्हणालं, पाळी ठरवा. ठिबकवाला नळी झटकत म्हणाला, "गाळण न्हाई बसली. चोकअप झालंय. ॲसिड मारावं लागंल."

"मंडळीत ॲसिड?" पाळकसाहेब ओरडले.

तेव्हा ठिबकवाल्यानं नळीचं शेवटचं टोक उघडलं, तोंडाला लावलं आणि जोरात फुंकलं. चोथा निघाला, रस उलटा गेला, पाळकसाहेबांच्या झग्यावर उडाला. मी बंदूक घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पळत होते, "फुंकू नका, फुंकू नका" म्हणत. आणि मग मला हसू फुटलं. अख्खं चर्च हसायला लागलं. वर्षभरात आम्ही सगळे एका जागी हसलो नव्हतो. पाळकसाहेबसुद्धा झग्याचं टोक पिळत हसत होते.

मामा हसत नव्हते. त्यांनी हातातला पेला फिरवून बघितला. आमच्या लग्नात आलेला पेला, त्याच्यावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. मग त्यांनी शेजारच्याच्या हातातल्या पेल्याकडं बघितलं, त्याच्यावर त्याचं नाव. मी जवळ गेले. ते हळूच म्हणाले, "हाटेलात चहा बी एकाच पातेल्यातला असायचा, पोरी. कप तेवढा आपापला."

त्यांचा पेला भरलेला होता. तो त्यांनी तसाच स्टुलावर ठेवला आणि ते घरी गेले.

मला त्यांचा राग आला. इतक्या लोकांनी इतकी धडपड केली ती त्यांच्यासाठीच, आणि ह्यांचा हट्ट काही सुटेना. पण घरी येईपर्यंत राग निवला, कारण ते म्हणाले ते खरंच होतं. आम्ही दोन महिने डोकं लावून, बांबू बांधून, नळ्या जोडून, नेमकं ते हॉटेल पुन्हा उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती नळी कुणाच्या तरी वांग्याच्या वाफ्यात गेली.

त्यानंतर मामा दर महिन्याला मला एकदा विचारायचे, "सरकार काय म्हणतंय?" मी म्हणायची, अजून नाही. त्यांची काठी आधी अंगणात जायला लागायची, मग उंबऱ्यापर्यंत जायलाही लागायला लागली. रात्रंदिवस त्यांचं करणारी सूनही मीच आणि त्यांना नाही म्हणणारं सरकारही मीच. त्यांना त्या एका घोटाशिवाय दुसरं काही नको होतं आणि तेवढंच मला देता येत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात आमची माणसं ऊसतोडीवरून परतली. माझा नवरा कडा गावच्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवर होता, तोही आला. आणि साथीची दुसरी लाट आली. ह्या खेपेला हसण्यासारखं काही नव्हतं. शाळेतलं विलगीकरण चार दिवसांत भरलं. ग्रामपंचायतीनं चर्चची इमारत मागितली, आणि मामांनी स्वतः किल्ली दिली. सतरंज्यांवर गाद्या पडल्या. आमच्या गल्लीत तपासणी झाली, पाळकसाहेब आणि पाळकीणबाई दोघंही पॉझिटिव्ह, ठिबकवाला पॉझिटिव्ह, पंचांपैकी तिघं, टेलवाली म्हातारी. एकेक करत सगळे आपल्याच चर्चमध्ये राहायला गेले. नवरा निगेटिव्ह, मी निगेटिव्ह.

मामांचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला तेव्हा मी गोठ्यामागं जाऊन बसले आणि पोटभर रडले. मामा त्यातून उठले, हे इथंच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं सगळं जीव मुठीत धरून वाचाल. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी तोंड धुऊन त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि सांगितलं.

"आत कोण कोण हाय?" त्यांनी विचारलं.

मी एकेकाचं सांगितलं. ते बोटांवर मोजत गेले.

"समदे झालेलेच?"

"समदे."

"भायेरचं कुणी न्हाई? बिगर रोगाचं?"

"बिगर रोगाचं आत कोण जाईल, मामा?"

"मंग आता कुणापसून कुणाला व्हायाचंय?" असं म्हणून मामा उठले, काठी न घेता उठले, आणि कपड्यांच्या पिशवीत आधी मनुकांची पुडी घातली.

मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते तीन दिवस झोपलेले नव्हते.

"साहेब, सगळेच पॉझिटिव्ह असतील तर एका भांड्यातून प्यालेलं चालतं का?"

"काय प्यायचंय?"

"मनुकांचं पाणी. प्रार्थनेचं असतंय."

"ताई, एकही निगेटिव्ह नाही?"

"एकही नाही."

"मला हे कुणी शिकवलेलं नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले. "भांडं नंतर उकळून घ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

आत एका प्याल्यानं प्रभुभोजन होणार ही बातमी गल्लीत फुटली आणि माझ्या दारात लोक यायला लागले. चार जण म्हणाले की आमचा निगेटिव्ह रिपोर्ट चुकला असेल, पुन्हा काढा. एक चांगली धडधाकट बाई मला म्हणाली, "मला परवा शिंक आलती, लिहून घ्या." तिची पुन्हा तपासणी झाली, पुन्हा निगेटिव्ह आली, आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. निगेटिव्ह आली म्हणून रडणारी बाई त्या साथीत मी ती एकच बघितली.

रविवारी सकाळी मी पांढरा किट घालून, तोंडापुढं काचेसारखं शील्ड लावून चर्चच्या खिडकीबाहेर उभी राहिले. ऑक्सिजन मोजायचं कामही होतं, पण मी लवकर गेले होते. आत सगळे आपापल्या गाद्यांवरून उठून आले होते. अंतर नाही, फडकी नाहीत, खांद्याला खांदा लावून. पाळकसाहेबांना धाप लागत होती, दर दोन वाक्यांनी ते थांबायचे आणि मंडळी त्यांच्यासाठी थांबायची. मग त्यांनी तो पितळेचा प्याला उचलला. बोटाला ऑक्सिमीटर तसाच लावलेला. एकेक जण पुढं गेला. ठिबकवाला प्यायला आणि त्यानं नळीकडं बघतात तसं प्याल्यात वाकून बघितलं. टेलवाल्या म्हातारीला आज भरपूर मिळालं आणि तिनं ते मोठ्यानं सांगितलंही. कित्येकांना तोंडाला चवच नव्हती. तरी जो तो ओठ पुसत म्हणत होता, गोड झालंय.

मामा सगळ्यांत शेवटी उभे राहिले होते. त्यांनी प्याला आपल्याच दोन्ही हातांत घेतला. सगळ्यांची तोंडं लागून आलेल्या काठाला तोंड लावलं आणि सावकाश, मोठा घोट घेतला. मिशी पुरती भिजली. त्यांनी ती पुसली नाही. मुलीच्या लग्नात पंगत उठल्यावर बापाचा चेहरा असतो, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

प्याल्याच्या तळाशी घोटभर रस उरला होता. तो घेऊन मामा खिडकीशी आले आणि माझ्याकडं बघत उभे राहिले. त्या प्याल्याला मी पंधरा वर्षं नाक मुरडलं होतं. त्या दिवशी मात्र मला तो घोट पाहिजे होता. आत सगळे होते आणि बाहेर मी एकटी होते, आणि मला ते सहन होईना. मी दोन्ही हातमोजे काढले, शील्ड वर केलं, खिडकीच्या गजांखाली ओंजळ धरली.

"मामा, वरनं वता. प्याल्याला तोंड लावत न्हाई मी. हात लगेच धुती."

त्यांनी प्याला कलता केला. रस काठापर्यंत आला. आणि मग त्यांनी तो सरळ केला.

"असं माही माय धरायची," ते म्हणाले. "वरच्या आळीच्या हिरीवर. हिरीला हात लावायचा न्हाई. वंजळ धरून हुबं ऱ्हायाचं, कुणाला दया आली तर वरनं वतायचे. मी तिच्या लुगड्याला धरून बघत असायचो. निम्मं पाणी कोपरावरनं खाली जायाचं."

मी म्हणाले, "मामा, हे तसं न्हाई. हे रोगामुळं हाय."

"रोगामुळंच असंल," मामा म्हणाले. "पर माह्या हातानं न्हाई. तोंड लावून पिशील तवा दीन. हात खाली कर, पोरी."

पाळकसाहेब मागून काही बोलले, मामांनी वळून बघितलं नाही. माझे हात तसेच पुढं होते, रिकामे, आणि डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरत होतं. मी हात खाली करेपर्यंत मामा खिडकीतून हलले नाहीत.